ताईंचं महाशयांशी भांडण

माघ लागला की माझं घरात लक्ष लागत नाही. रोह्याहून पेणला जाताना कासू स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे कापून मोकळ्या झालेल्या भातशेतांत वाल उभा असतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परतताना कुठेतरी बांधावर पोपटी लागलेली दिसते. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. त्या पाल्याचा कडवट हिरवा वास चालत्या गाडीच्या खिडकीतून आत येतो. डब्यातले लोक तो नाकात भरून घेतात आणि खुशीत एकमेकांकडे बघतात. मी मात्र उठून दारात जाऊन उभी राहते. कुणीतरी काहीतरी विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलंय, असं काहीसं होतं. घरी आल्यावर चहा ठेवते, तो उकळून आटतो. पुस्तक उघडते, पान उलटत नाही.

माझा नवरा म्हणतो, तुझा हा महिना असाच जाणार. त्याला कारण ठाऊक आहे. सुमतीताई आजारी पडल्या तो हिवाळा मी त्याला पुष्कळदा सांगितलाय, आणि दरवेळी थोडा वेगळा सांगितलाय, असं तो म्हणतो.

सुमतीताई माझ्या गुरू. पुण्यात त्यांनी आयुष्यभर संस्कृत व्याकरण शिकवलं, आणि व्याकरणातून तत्त्वज्ञानाकडे जी एक अरुंद वाट जाते त्या वाटेवरच्या एका जुन्या वैयाकरणाच्या मागे सगळी वर्षं घातली. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस. ताई त्याचं नाव घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तशा, ‘आमचे महाशय’ म्हणायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं, त्यामुळे वर्गात याच्यावर हसू पिकायचं आणि त्यांना ते आवडायचं. मीही इथे महाशयच म्हणते. ताईंच्या तोंडून ऐकलेला माणूस तेवढा मला माहीत आहे.

महाशयांचं म्हणणं असं की वाक्य ही अखंड गोष्ट आहे. शब्द आपण मागाहून त्यातून कापून काढतो. ‘आई, भूक लागली’ हे ऐकताना आई वेगळी, भूक वेगळी, लागणं वेगळं असं कुणी जोडत बसत नाही. अर्थ एकदम उजळतो, सगळाच्या सगळा. आणि त्यांचं दुसरं म्हणणं याहून मोठं होतं. शब्दाशिवाय ज्ञान नाही. जे जे आपल्याला कळतं ते शब्दात ओवलेलंच कळतं. तान्ह्या मुलालासुद्धा त्याच्या आत, खोल, न फुटलेल्या शब्दाच्या बळावरच दूध ओळखू येतं. ताई हे सांगायला लागल्या की खुर्चीवरून उठायच्या आणि खिडकी ते फळा अशा येरझाऱ्या घालायच्या. बसून शिकवलेलं मला त्यांचं काही आठवत नाही.

महाशयांच्या आयुष्याबद्दल खात्रीचं कुणालाच काही सांगता येत नाही. कुणी त्यांना राजा करतं, कुणी बैरागी. एका परदेशी प्रवाशाने लिहून ठेवलंय की ते सात वेळा मठात गेले आणि सात वेळा संसारात परत आले. मन कधी फिरेल याचा भरवसा नाही म्हणून मठाच्या दाराशी गाडी उभी ठेवायला सांगत. ही गोष्ट खरी नसणार, असं ताईंचं मत होतं, तरी सांगायच्या मात्र दरवर्षी. वर म्हणायच्या, “इतकी घालमेल असलेला माणूसच वाक्य अखंड असतं म्हणेल. स्वतः कधी अखंड नव्हता ना.”

त्या स्वतःही नव्हत्या. पेणच्या पश्चिमेला खाडीकडे जी गावं आहेत त्यांतलं एक त्यांचं. वडील हिवाळा-उन्हाळा मिठागरावर, पावसाळ्यात शेतात. घरात आगरी बोली, आणि त्या बोलीत ‘ण’ नाही. पेणच्या शाळेत संस्कृतच्या पहिल्या तासाला त्यांनी ‘बाण’ला ‘बान’ म्हटलं आणि वर्ग हसला. त्या रडत घरी गेल्या नाहीत. पुढे एके दिवशी मास्तरांनी नियम सांगितला की शब्दात आधी र किंवा ष आला की पुढच्या न चा ण होतो. मध्ये काही ठरावीक अक्षरं असली तरी होतो. ताई सांगायच्या, त्या दिवशी त्यांना वाटलं, ही भाषा न ची चूक काढत नाही, त्याला रस्ता दाखवते. तिथून त्या व्याकरणाच्या झाल्या. पुण्याला गेल्या, काशीला गेल्या, म्हैसूरला गेल्या, दोनदा चांगली नोकरी सोडून पुन्हा पुण्यात आल्या. बोली धुऊन-पुसून अशी स्वच्छ केली की त्यांचं गाव कुठलं हे कुणी ओळखू नये. आणि निवृत्त झाल्या त्या महिन्यातच सगळी पुस्तकं टेम्पोत घालून खाडीकाठच्या त्या गावात परत आल्या. भाऊ वारला होता. घरात भावजय होती, शालूवहिनी. दोघी एकमेकींना अगं-तुगं करायच्या आणि मिठावरून भांडायच्या. ताईंना कमी लागायचं, वहिनीला जास्त.

मी त्यांच्या शेवटच्या वर्गातली. एमए झाले आणि बाबांचं दुखणं निघालं म्हणून रोह्याला परतले. बाबांच्या ओळखीने धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या टाइम ऑफिसात लागले. कोण कुठल्या शिफ्टला आलं, कोण आलं नाही, हे संगणकावर चढवायचं. काम वाईट नव्हतं. पण मी दिवसभर खुर्चीत हलत असे. शेजारची बाई एकदा म्हणाली, तुझ्या खुर्चीला स्प्रिंग लावल्यात का. रविवारी मात्र मी गाडीने पेणला यायची, स्टेशनाबाहेरून सहा आसनी रिक्षा धरून ताईंच्या गावी जायची आणि त्यांनी हाताने लिहिलेली पानं लॅपटॉपवर उतरवायची. महाशयांवरचं त्यांचं पुस्तक. कितीतरी वर्षं चाललेलं. त्या हिवाळ्यात फक्त शेवटचं प्रकरण उरलं होतं, शब्दाशिवाय ज्ञान नाही, हेच. मुद्दे सगळे ठरलेले होते, तरी ते लिहून होत नव्हतं. ताई लिहायच्या, फाडायच्या, बांधावर फिरून यायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, महाशय बरोबरच आहेत गं, पण मला ते पटवून देता येत नाहीय, म्हणजे मला अजून कळलेलं नाही.

पौषात, सकाळी, ओटीवर ताई आणि वहिनी वाल सोलत बसल्या होत्या. भिजवून मोड आणलेला वाल, चिमटीत धरून दाबला की साल सुटतं आणि डाळिंबी उडी मारते. वहिनीने मागाहून मला सांगितलं की ताईंनी एक डाळिंबी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि “हे…” म्हणाल्या. “हे… हे…” वहिनीला वाटलं किडका निघाला. मग ताईंच्या हातातून ताट सुटलं.

पनवेलच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा उजवा हात जड होता, चालणं थोडं ओढत होतं, आणि शब्द गेले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की बुद्धी शाबूत आहे, समोरच्याचं बोललेलं बरंचसं कळतं, पण मेंदूत शब्द जिथून उचलले जातात त्या जागेला रक्त कमी पडलंय. येईल, हळूहळू, सगळं नाही कदाचित. वाचाउपचाराच्या एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. चित्रांचे कागद आणायच्या. कप. दार. चमचा. गाय. ताईंनी चित्र बघून नाव सांगायचं. बाई फार प्रेमळ होत्या आणि त्यांच्या कामात हुशार होत्या. ताई कपाच्या चित्राकडे बघायच्या, कप उचलून प्यायची खूण करायच्या, स्वयंपाकघराकडे बोट करायच्या, कपाळावर घाम यायचा, आणि तोंडातून निघायचं, “हे… ते…” मग चित्र दूर ढकलायच्या.

मी रजा टाकत होते, बिनपगारी. कायम करायची ऑर्डर निघायच्या बेतात होती आणि बाबांचा जीव तिच्यात अडकला होता. जाऊ नको असं ते म्हणत नसत. फक्त सकाळी मी निघताना गेटपर्यंत यायचे आणि परत जायचे.

काही शब्द परत आले, आणि आले ते पुण्याचे आले नाहीत. “नाय.” “व्हय.” “हाय.” पहिलं मागणं मागितलं ते “पानी.” इतक्या वर्षांत घासूनपुसून बसवलेला ण पुसला गेला होता. शालूवहिनी मात्र हरखली. म्हणाली, “आता बोलतेस गो माज्यासारकी.” ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि अर्ध्या ओठाने हसल्या.

मला एक आशा होती आणि ती मला झोपू देत नव्हती. शब्द तुकडे आहेत, वाक्य अखंड आहे, हे जर खरं, तर तुकडे दाखवून काय होणार? अखंड काहीतरी द्यायला हवं. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसून व्याकरणाची सूत्रं म्हणायला लागले, आम्ही वर्गात म्हणायचो त्या चालीवर. दोन-चार सूत्रांनंतर ताईंचा आवाज माझ्यात मिसळला. मी थांबले. त्या थांबल्या नाहीत. एकामागून एक, न अडखळता, ण जिथल्या तिथे, जसा पुण्यात होता तसा स्वच्छ. वहिनी आतून पदराला हात पुसत धावत आली आणि दारातच रडायला लागली. मलाही वाटलं, जिंकलं. पण ताईंचा चेहरा मी बघत होते. तोंड म्हणत होतं आणि डोळे भ्यालेले होते. जणू दुसऱ्याच कुणाच्या तोंडातून चाललेलं त्या बाजूला बसून ऐकत होत्या. सूत्रं संपली. त्यांना तहान लागली होती. त्यांनी तांब्याकडे हात केला, “हे…” म्हणाल्या, आणि अगदी परवापर्यंत येत असलेला ‘पानी’सुद्धा सापडेना. तांब्या त्यांनी उचलून अंगणात फेकला.

त्यानंतर सूत्रं मी कधी म्हटली नाहीत. त्या चित्रांच्या कागदांवरच परत गेलो आम्ही, रोज थोडे थोडे, आणि फायदा झाला तो त्यानेच. दार आलं. गाय आली. चमचा काही केल्या येईना, आणि एके दिवशी आला तेव्हा ताईंनी तो दिवसभर पुरवून पुरवून म्हटला.

पण त्या गप्प बसायला तयार नव्हत्या. ओटीवरून उठायच्या, काठी घेऊन बांधाकडे निघायच्या. मी मागे. खाडीचं पाणी बांधाच्या दरवाजातून आत घेऊन उथळ वाफ्यांत पसरलेलं असायचं आणि वाऱ्याने त्यावर बारीक सुरकुत्या धरायच्या. कडेकडेने मीठ पांढरं होऊ लागलं होतं. ताई उभ्या राहून बघायच्या, मग माझ्याकडे वळून काहीतरी सांगायला तोंड उघडायच्या, हात हलवायच्या, आणि रागाने मान फिरवायच्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. काही मागायचं नव्हतं, दुखत-खुपत नव्हतं. सांगायचं होतं. हे ओळखायला मला फार दिवस लागले नाहीत. काय सांगायचंय ते मात्र कळेना, आणि दोघींची तगमग एकाच बांधावरून पुढे-मागे चालत राहिली.

माघाच्या सुरुवातीला पुण्याहून अनिरुद्धसर आले. तेही ताईंचेच विद्यार्थी, माझ्याआधीच्या पिढीतले, आता तिथे प्राध्यापक. पुस्तक छापायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि हळू, सोप्या वाक्यांत सांगितलं की पुस्तक थांबवायचं नाही. शेवटच्या प्रकरणाच्या विषयावर ताईंनी पूर्वी एक व्याख्यान दिलं होतं, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. तेच नीट लिहून काढू, मुद्दे तेच आहेत, शब्दही ताईंचेच. पावसाळ्याआधी पुस्तक हातात देतो.

ताई म्हणाल्या, “नाय.”

सरांना वाटलं त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. ताई पुन्हा “नाय” म्हणाल्या, डावा हात कपाळावर आपटला, तोंडावर आपटला. सर घाबरले. मला बाहेर बोलावून म्हणाले की त्यांना त्रास होतोय, विषय नको काढायला, आपण दोघं मिळून करून टाकू. मी विचारलं, त्या नको म्हणत असतील तर? तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. त्यांच्या मामांना हाच आजार झाला होता. या आजारात हो आणि नाही यांची अदलाबदल होते. माणूस हो म्हणायला जातो आणि नाही निघतं, आणि त्याचं त्याला कळतही नाही. “त्यांच्या ‘नाय’वर एवढं मोठं काही उभं करू नकोस, वैशाली,” ते म्हणाले. ते वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांचे डोळे भरलेले होते.

त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या दिवशी कंपनीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात ती खूण पुन्हा चालली. कपाळ, तोंड. कपाळ, तोंड. त्या काहीतरी मुद्दा मांडत होत्या, असं वाटून मी साहेबांना न सांगता उठले आणि स्टेशन गाठलं.

ताई बांधावरच भेटल्या. वहिनीने एक स्टूल आणून दिलं होतं त्यावर बसल्या होत्या. वाफ्याच्या कडेला ओढून ठेवलेल्या मिठाचा लहानसा ढीग होता. मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले आणि एकेक विचारत गेले. शेवटच्या प्रकरणाबद्दल सांगायचंय? व्हय. व्याख्यानात होतं तेच हवंय? नाय. महाशयांचं म्हणणं सांगायचंय, शब्दाशिवाय ज्ञान नाही? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “नाय. नाय.” आणि काठी जमिनीवर आपटली.

मला त्यांचं म्हणणं कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. मी महाशयांच्या बाजूने उभी राहिले. म्हटलं, ताई, शब्द आतमध्ये असतील ना, खोल, फक्त बाहेर येत नसतील. महाशय तेच तर सांगतात. आतल्या शब्दामुळेच तुम्हाला कप कळला.

ताईंनी वाकून ढिगातला मिठाचा एक खडा उचलला. तोंड उघड अशी मानेने खूण केली, तो माझ्या जिभेवर ठेवला, आणि त्याच डाव्या हाताने माझं तोंड बंद केलं. त्यांच्या तळव्याला वालाचा वास होता. त्या माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. खडा विरघळला, जीभ आक्रसली. मग त्यांनी हात काढला आणि बोट माझ्या छातीवर टेकवलं.

“तुना… शब्द. लगेच.”

तुला शब्द लगेच येतो. खरं होतं. ‘खारट’ हा शब्द चवीच्या आधी येऊन बसला होता.

मग त्यांनी दुसरा खडा उचलून स्वतःच्या जिभेवर ठेवला. डोळे मिटले. वारा होता, पदर फडफडत होता. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, एकेक शब्द हातांनी ओढून काढावा तसा, “मना… हाय. सगळं हाय. शब्द… नाय.” आणि कपाळाकडे, पोटाकडे, अख्ख्या अंगाकडे हात फिरवून, “आतबी नाय.”

मी त्यांना उलटसुलट विचारलं. सरांचं बोलणं डोक्यात होतं. आत शब्द होता का? नाय. आत शब्द नव्हता का? व्हय. आत काहीच नव्हतं, शब्दही आणि कळणंही? यावर त्या चिडल्या. “कळतं,” त्या म्हणाल्या. “कळत… व्हतं.” आणि मग हसायला लागल्या. खूप हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढं मोकळं हसणं आजारानंतर पहिल्यांदाच. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं नाही त्याच्या विरोधात उभं राहायची मुभा त्यांना नाव न सुचलेल्या एका डाळिंबीने दिली होती, आणि ती मुभा वापरायला लागणारे शब्दच नेमके काढून घेतले होते. मला रडू येत होतं आणि त्या हसत होत्या.

प्रकरण आम्ही तसंच लिहिलं. उरलेला माघ आणि शिमग्यापर्यंतचे दिवस. मी वाक्य म्हणायची, त्या नाय म्हणायच्या, मी दुसरं म्हणायची. एखादं वाक्य लागलं की टाळी द्यायच्या, डाव्या हाताने माझ्या हातावर. कधी अख्खी दुपार एका ओळीवर जायची. ‘महाशय चुकले’ असं मी लिहिलं तर त्या नाय म्हणाल्या. ‘महाशयांना हे कळलं नसावं’ लिहिलं तर जोरात नाय. शेवटी ‘इथून पुढे मला महाशयांबरोबर जाता येत नाही’ यावर थांबलो. जेमतेम तीन पानं झाली. टाइम ऑफिसातली नोकरी तोवर गेली होती. बाबा आधी गेटपर्यंतच यायचे, ते आता स्टेशनपर्यंत पोचवू लागले होते.

त्या दिवसांत मला सुख होतं असं मी म्हणणार नाही. रोज परतीच्या गाडीत बसलं की डोक्यात एकच किडा. हे ताईंचं आहे की माझं? त्या म्हणतात ते मी लिहितेय, की मी लिहिते त्याला त्या थकून हो म्हणतात? वाक्य माझ्या तोंडचं, टाळी त्यांची. नागोठणं गेलं, निडी गेलं, रोह्याला उतरले, तरी हिशेब सुटायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एखादं वाक्य त्यांच्या मनाविरुद्धचं म्हणून बघायची. त्या दरवेळी ओळखायच्या. तरीही.

पानं पाठवली तेव्हा अनिरुद्धसरांचा फोन आला. ते बराच वेळ बोलले. त्यांचा मुद्दा असा की हे छापलं तर लोक म्हणतील, आजारपणात लिहिलंय, आपण काय बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभराच्या कामाला शेवटी गालबोट लागेल. ते टाळायचं, गुरूसाठी एवढं तरी शिष्य म्हणून त्यांनी करू नये का? फोनचा आवाज मी मोठा ठेवला होता. ताई ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, उलटा धरला, मी सरळ केला.

“आजारी हाय मी,” त्या म्हणाल्या. मग शब्द शोधत थांबल्या. “म्हनून.”

एवढंच. सरांना तो एक शब्द पुरला असावा. त्यांनी वाद घातला नाही.

पुस्तक पुढच्या हिवाळ्यात आलं. ते सर स्वतः घेऊन आले. तीन पानांचं प्रकरण जसंच्या तसं होतं, आणि त्याच्यानंतर सरांनी स्वतःच्या नावाने एक टिपण जोडलं होतं. त्यात त्यांनी आदराने, पण स्पष्ट लिहिलं होतं की ताईंचा निष्कर्ष त्यांना मान्य नाही. जे ‘कळत होतं’ असं आज आठवतं ते आज शब्द परत आल्यावर आठवतं. तेव्हा खरंच शब्दाशिवाय कळत होतं हे कशावरून? महाशय असते तर त्यांनी हेच विचारलं असतं. मला ते वाचून राग आला. ताईंना छापील अक्षर अजून नीट लागत नव्हतं, म्हणून सरांनी वाचून दाखवलं, खाली मान घालून. ताईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग सरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “बरं हाय.” असं कौतुक सरांना पुण्यातल्या सगळ्या वर्षांत मिळालं नव्हतं. ते ओटीवरच रडले. शालूवहिनीने त्यांच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली आणि खा म्हणाली.

ताई आणखी दोन पावसाळे होत्या. शब्द बरेच आले, ‘ण’ काही आला नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नाही. पुस्तकाचं कुणी बरं-वाईट काय लिहिलं यात त्यांना रस नव्हता. त्यांनी मला महाशयांचा ग्रंथ पहिल्या श्लोकापासून पुन्हा वाचायला बसवलं. एका ठिकाणी जमलं नाही तर बाकी ठिकाणी तरी जमतं का, हे बघायला हवं, असा त्यांचा हट्ट. वाचता वाचता त्या उठायच्या, ओटी ते अंगण येरझाऱ्या घालायच्या, मध्येच “नाय” म्हणायच्या, मध्येच मान डोलवायच्या. त्या गेल्या तेव्हा आम्ही ग्रंथाच्या दुसऱ्या भागात होतो.

आता मी पेणच्या कॉलेजात तासिकेवर शिकवते. उरलेला ग्रंथ अनिरुद्धसर आणि मी रविवारी फोनवर वाचतो. ते मला विद्यार्थिनी समजत नाहीत, मी त्यांना सोडत नाही. परवाच्या रविवारी मिठाच्या खड्याचा विषय निघाला. ते शांतपणे म्हणाले की तुझ्या जिभेवर शब्द चवीच्या आधी आला, असं तूच सांगतेस. मग तुझ्यापुरते तरी महाशय बरोबर ठरले ना? मी म्हटलं, माझ्यापुरते असतील, ताईंपुरते नाहीत, आणि दोन माणसांपैकी एकापुरतं जे खरं नाही ते सगळ्यांपुरतं खरं कसं? सर म्हणाले, मग ताईंचं तरी सगळ्यांपुरतं खरं कसं? मी त्यांना म्हटलं, तुम्ही चुकताय. फोन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत घरात फिरत राहिले, कारण ते बरोबर असू शकतात.